कडा मोडलेले सहा तुकडे

देवरामभाऊ,

गेल्या गुरुवारी सकाळी साडेदहाला तुम्ही आमच्या कॉलेजच्या गेटवर होतात. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये तुमची सही आहे, नेहमीसारखी, खाली कानस ओढल्यासारखी एक लांब रेघ मारलेली. आणि बारा वाजायच्या आत तुम्ही नव्हतात. ते रजिस्टर मी आत्तापर्यंत चारदा बघून आलेय. साडेदहा ते बारा. तेवढ्यात माझं एक लेक्चर झालं आणि स्टाफरूममध्ये एक चहा झाला. एवढ्या वेळात अख्खा माणूस संपतो, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

फोन तुमच्या शेजारच्या शेडमधल्या सुनीलचा होता. "मॅडम, देवराम मिस्तरी वारले." मी म्हटलं, "कोणते देवराम?" जसे काही मला दहा-वीस देवराम माहीत आहेत. तो म्हणाला, "आपले हो मॅडम. मशीन चालूच होतं. छातीत जड वाटतंय म्हणाले आणि स्टुलावर बसले. मी पाणी घेऊन आलो तर..."  तुमच्या लोखंडी कपाटाच्या दारावर खडूने माझा नंबर लिहिलेला होता, 'मॅडम कॉलेज' असा, त्यावरून त्याने फोन केला होता. मी त्याला काय विचारलं असेल? "मशीन बंद केलं का?" दुसरं काही सुचलंच नाही. नंतर दोन दिवस ते आठवून स्वतःची लाज वाटत होती. पण खरं सांगू का, तुम्हीही हेच विचारलं असतंत.

अंबडला तुमच्या शेडवर यायचं म्हणून पर्स खांद्याला लावून उभी होते, तेवढ्यात दुपारच्या पाळीचा वॉचमन वर आला. "मॅडम, सकाळी तुमचे मिस्तरी हे देऊन गेलेत." वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेलं पुडकं, आकाराने तळहाताएवढं आणि वजनाला भलतंच जड. गाठ सुटेना, मी दातांनी तोडली. आत पोलादाचा एक पाटा निघाला. एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने बारीक होत गेलेला. वर मार्करने बाण काढलेला आणि तुमच्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं, 'पुढची बाजू'. पाटा हातात होता, आणि ज्याने तो केला तो माणूस दीड तासापूर्वी गेला होता. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवरला कुलूप लावलं आणि किल्ली कुठे ठेवली ते विसरले. किल्ली परवा सापडली, फ्रिजवर.

मला तुमच्यावर गोड-गोड लिहायचं नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं आणि मला ते जमणार नाही. तुम्ही हट्टी होतात. सांगितलेलं ऐकायचं नाही, आणि ऐकलं नाही हे कबूलही करायचं नाही, नुसतं मान हलवून "हो मॅडम, हो मॅडम" करायचं, ही तुमची रीत. मीही काही कमी नाही. तीन वर्षांत आपण एकमेकांशी जितकं भांडलो, तितकं मी लग्नाच्या नवऱ्याशी वीस वर्षांत भांडले नसेन.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय माझं डोकं जागेवर येणार नाही.

कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी झिजली, फाटली की डॉक्टर कधीकधी ती काढतात आणि तिथे एक तुकडा बसवतात. त्या तुकड्याचा आकार कसा असावा, हा माझा अभ्यास. आपली कंबर काठीसारखी सरळ नसते, आत वळलेली असते. म्हणून तुकडाही पुढून जाड आणि मागून बारीक हवा. सपाट बसवला तर कमरेचा तो बाक जातो, माणूस पुढे झुकून चालायला लागतो, आणि वरच्या-खालच्या ज्या गाद्या धड असतात त्यांच्यावर नको तो भार येऊन त्याही खराब होतात. एवढ्याशा तुकड्याचे दोन-चार अंश इकडेतिकडे झाले की अख्ख्या माणसाचं उभं राहणं बदलतं.

असे सहाच तुकडे मला करून हवे होते, हाडाइतक्या टणक, हस्तिदंती रंगाच्या एका प्लास्टिकचे. माणसात बसवायला नाही, मशीनवर दाबून बघायला. ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन मी अंबडमधल्या किती कारखान्यांच्या पायऱ्या चढले ते मला माहीत. "सहाच? मॅडम, हजार असतील तर बोला." शेवटी कुणीतरी तुमची शेड दाखवली. पत्र्याची, दोन मशीनची, दारात तुळस लावलेला तेलाचा डबा. तुम्ही ड्रॉइंग आधी उलटं धरलंत, मग सुलटं केलंत आणि विचारलंत, "हे कुठं बसतं?" मी वळून स्वतःच्या कमरेवर बोट ठेवलं. कमरेच्या बाकाच्या कोनावरचं, लॉर्डोटिक अँगलवरचं माझं ते भाषण तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजे पाचर." मी म्हटलं, "तसं नाही, तो कोन..." तुम्ही म्हणालात, "तेच ते. पाचर."

आणि लगेच पुढचं विचारलंत. "वरून वजन आलं ते समजलं. पण वाकल्यावर?" मी म्हटलं, "ते नंतर बघू." देवरामभाऊ, पहिल्याच दिवशी विचारलं होतंत. मी तीन वर्षं 'नंतर बघू' म्हणत राहिले.

पहिले सहा तुकडे घ्यायला मी आले तो दिवस खंडेनवमीचा होता, आणि ते माझ्या ध्यानातच नव्हतं. मशीनला झेंडूच्या माळा, पाटावर कानशी, पाने, व्हर्नियर, सगळं ओळीने मांडलेलं, आणि मधोमध माझा एक तुकडा हळद-कुंकू लावून. मी किंचाळलेच. "अहो, तो सॅम्पल आहे!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "हे पण अवजारच की मॅडम. माणसाच्या आंगात बसणारं. त्याला वगळून कसं चालंल?" तुकड्याच्या खरखरीत अंगात हळद अशी शिरली की स्पिरिटने पुसूनही पिवळी झाक काही गेली नाही. त्या दिवशी तुम्ही मशीनला हात लावायला तयार नव्हतात, दुसरा करून द्या म्हणायचीही सोय नव्हती. प्रसादाचे पेढे खाऊन, तणतणत मी परत आले.

खरी तणतण लॅबमध्ये झाली. भिंगाखाली धरले तर सहाच्या सहा तुकड्यांच्या सगळ्या कडा तुम्ही मोडलेल्या, म्हणजे घासून बोथट केलेल्या! ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मी ठळक अक्षरांत टीप दिली होती की सर्व कडा धारदार ठेवायच्या. त्याला कारण होतं. कड मोडली की हाडावर टेकायची जागा कमी होते, जागा कमी झाली की दाब वाढतो. शिवाय धारदार कड हाडात जराशी रुतते, पकड घेते, तुकडा सरकत नाही. हे सगळं मी तुम्हाला फोनवर, बऱ्याच वरच्या पट्टीत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मॅडम, कड मोडल्याबिगर पीस माझ्या हातून सुटतच नाय. सवय हाय." मी म्हटलं, "तुमच्या सवयीसाठी मी रिसर्च करत नाही."

ते सहा मी बिस्किटांच्या एका डब्यात भरले आणि डब्यावर चिठ्ठी लावली, 'वाया'.

दिवाळीनंतर तुम्ही नवे सहा आणून दिलेत, माझ्या ड्रॉइंगबरहुकूम, सुरीसारख्या कडांचे. हातात मोजे घालून आणलेत आणि टेबलावर ठेवताना म्हणालात, "सांभाळून. चावतील." मी हसण्यावारी नेलं. संध्याकाळच्या आत माझा अंगठा कापला. दुसऱ्या दिवशी पट्टी तुम्हाला दिसू नये म्हणून मी हात पदराआड धरला होता. तुम्ही बघितलंत आणि काही बोलला नाहीत. हे तुमचं न बोलणं मला तेव्हा फार टोचायचं.

आता तो सोमवार, त्या गुरुवारच्या आधीचा. तो मला लिहायचा नाही, पण तो टाळला तर या सगळ्याला काही अर्थ नाही.

लॅबमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं होती. मी त्यांना धारदार तुकड्यांचे आलेख दाखवत होते आणि, खोटं कशाला बोलू, मिरवत होते. हाडाच्या जागी फोमचे ठोकळे, त्यात तुकडा, वरून सरळ दाब. सगळे उत्तम टिकले होते. ज्या डॉक्टरांसाठी हे काम चाललं होतं ते पुढच्या आठवड्यात अंतिम ड्रॉइंग घ्यायला येणार होते. आणि तुम्ही मशीनचे बोल्ट द्यायला आलात. दाराबाहेर चपला काढल्यात, कारण चपलांच्या तळाला लोखंडाचा कीस अडकलेला असतो आणि फरशीला चरे पडतात. थोडा वेळ मागे उभं राहून बघितलंत. मग म्हणालात, "मॅडम, पण असं सरळ उभं राहून कोण काम करतं?"

मुलांचे कान टवकारले. मी म्हटलं, "देवरामभाऊ, आत्ता नको." पण तुम्ही पुढे आलात, अनवाणी पायांनी माझ्या लॅबच्या मधोमध उभे राहिलात आणि वाकलात. पार वाकलात. भाताची आवणी करतात तसं, डावा हात गुडघ्यावर, उजव्याने फरशीत रोपं खोचत मागे-मागे सरकलात. तसेच वाकून बोलत होतात, "माझ्या मायनं उभ्या जन्मात असा सरळ भार कधी घेतला नाय. आवणीला वाकली की दिवस मावळंस्तोवर वाकलेली. घरी आली की पालथी पडायची आन् मला म्हणायची, कमरंवर उभा ऱ्हा. मी उभा ऱ्हायचो. पायाला कळायचं मॅडम. तुमचं मशीन लय शिस्तीचं हाय. माणूस नसतो तसा."

मुलं हसली. तुमच्यावर नाही हसली, हे मला आज कळतंय. तुमचं बोलणं त्यांना पटलं म्हणून हसली. पण मला वाटलं, माझं हसं झालं. डोकं सटकलं. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "ड्रॉइंगप्रमाणे काम करता येत नसेल, तर माझ्या लॅबमध्ये येत जाऊ नका."

तुम्ही टेबलाला हात टेकून हळूच सरळ झालात. म्हणालात, "बरं." बाहेर जाऊन चपला घातल्यात. जिन्यावर तुमच्या पावलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

माझं एकही ड्रॉइंग तुम्ही पहिल्या फटक्यात जसंच्या तसं मानलं नाहीत. हे मात्र ऐकलंत. गुरुवारी गेटपर्यंत आलात, सही केलीत, पुडकं ठेवलंत आणि परत गेलात. वर आला नाहीत. दोन जिने. छातीत जड वाटायला लागलंच होतं का तेव्हा? वर आला असतात तर मला दिसलं असतं का? कॉलेजच्या समोरच दवाखाना आहे. मला हे प्रश्न विचारायचे नाहीत, पण भाजी चिरताना, दात घासताना ते आपोआप येतात आणि हातातलं काम तसंच राहतं.

शनिवारी अंबडला सुट्टी, म्हणून तुमच्या गल्लीतले सगळे शेडवाले मिळून जीपने तुमच्या गावी गेलो. मीही गेले. सुरगाण्याच्या पुढे तो घाट लागला तेव्हा आठवलं, तुम्ही म्हणायचात, "एकदा या मॅडम, नागलीची भाकर खायला." आले बघा. गाव निम्मं रिकामं होतं, जो तो द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरलेला. तुमच्या पत्नी तुळसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कोण हे सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं. "तुमी चकतीवाल्या मॅडम ना? बसा." मला बसवायला त्यांनी पाट पुढे सरकवला. मी त्याला हात लावला, आणि माझा अंगठा आपसूक त्याच्या कडेवरून फिरला.

मोडलेली होती.

मग मी बघत सुटले. दाराच्या चौकटीचा कोपरा, पाण्याच्या हंड्याखालची तिवई, पोळपाट, नातीच्या पाळण्याची दांडी. तुमच्या घरात विळी सोडली तर कशालाही धार नव्हती. मी वेड्यासारखी एकेका वस्तूला हात लावत होते आणि तुळसाबाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "हे समदं त्यांचंच. घरी आले की पॉलिश पेपर घेऊन बसायचे." मी म्हटलं, "सवय होती त्यांना." त्या म्हणाल्या, "सवय नाय बाई. पयल्या नोकरीला होते तवा यांच्या हातचा पीस तसाच गेला पुढं. दुसऱ्या एकाचा तळवा चिरला त्यानं. दोन बोटं वळायची राहिली त्या पोराची. त्यानं काय यांना बोल नाय लावला. पण हे लय दिवस जेवले नाय नीट. तवापासून हाय हे."

देवरामभाऊ, मला तुम्ही सवय म्हणून सांगितलंत. इतकी वर्षं जी गोष्ट जिवाला लावून घेतली होतीत, ती त्या दिवशी फोनवर, माझं ओरडणं ऐकताना, एका शब्दात गुंडाळून बाजूला ठेवलीत. का नाही सांगितलंत? मी ऐकून घेतलं नसतं म्हणून? नसतंच घेतलं कदाचित.

मंगळवारी किल्ली सापडली. मी एकटीच लॅबमध्ये होते. पाटा काढला, बाण बघून मशीनखाली बसवला. केसभरही हलला नाही. माझ्या मशीनचं माप तुम्ही कधी घेतलंत? सोमवारी, वाकून मागे-मागे सरकताना? की त्याच्याही आधी, मी आलेख दाखवण्यात दंग असताना? आता वरून दाब दिला की ठोकळा पुढे झुकलेला, जशी वाकलेल्या माणसाची कंबर.

आधी माझा तुकडा लावला, धारदार. सरळ दाबात जो भार त्याने हसत पेलला होता, त्याच्या जवळपासही तो पोचला नाही. 'खट्' असा आवाज आला आणि पुढची कड फोममध्ये घुसली, वडीत सुरी जाते तशी. वाटलं, ठोकळाच खराब असेल. दुसरा लावला. घुसला. तिसरा. घुसला. वाकल्यावर सगळा भार पुढच्या कडेवर येतो, आणि कड जितकी तीक्ष्ण तितका तो भार एका रेघेवर साठतो. हे मी गेली कित्येक वर्षं फळ्यावर शिकवतेय. पकड घेणारी कड आणि चिरत जाणारी कड एकच असते, हे मला दिसलं नाही. तुम्हाला दिसलं होतं. तुमच्या पायाला कळलं होतं.

मग मी 'वाया' लिहिलेला डबा काढला. वरच हळदीचा पिवळा तुकडा होता. तो लावला. भार चढत गेला, धारदार तुकडे घुसले त्या आकड्याच्या पुढे, आणखी पुढे. फोम सगळीकडून सारखा दबत होता आणि तुकडा जागेवर बसून होता. मी मशीन थांबवलं नाही. स्टुलावर बसले, आणि बसल्यावर लक्षात आलं की मी स्टुलावर बसलेय. ताडकन उठले. तुमच्या मागून स्टुलावर बसायचीही मला भीती वाटायला लागली आहे.

मी चुकले होते. लिहून ठेवते. मी चुकले होते आणि तुम्ही बरोबर होतात.

चार तुकडे आणि फोमचे ठोकळे म्हणजे काही शेवटचा शब्द नव्हे, हे मला कळतं. अजून पुष्कळ तपासायचं आहे, कदाचित हा आकार कुणाच्या कमरेत कधी जाणारही नाही. पण परवाचं ते 'खट्' माझ्या कानातून जात नाही. तुमचा पाटा आला नसता तर उद्या डॉक्टरांच्या हातात मी धारदार कडांचं ड्रॉइंग ठेवलं असतं, अगदी अभिमानाने.

काल मुलांना बोलावलं. तीच मुलं, तीच जागा. आधी दोन्ही आलेख दाखवले, मग सांगितलं की त्या सोमवारी या ठिकाणी मी ज्या माणसाला येत जाऊ नका म्हणाले, त्याचं म्हणणं खरं निघालं आहे.  मी एकेकाच्या हातात कडा मोडलेला तुकडा दिला आणि अंगठा फिरवायला लावला. एक मुलगी रडली. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. चूक मान्य करायची ती ज्याच्यासमोर करायची, तो समोर नव्हता.

ड्रॉइंग नव्याने काढलं. कोपऱ्यातली टीप खोडली. कड किती मोडायची याचा आकडा हवा होता, म्हणून तुमचे सहाही तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. सगळ्यांवर एकच माप, केसाइतकाही फरक नाही. हाताने, पॉलिश पेपरने! मग आकार कुणाचा, या चौकटीत तुमचं नाव लिहायला घेतलं. 'देवराम' लिहिलं आणि पेन थांबलं. तीन वर्षांत मला तुमचं आडनाव माहीत नव्हतं. वडिलांचं नावही नाही. तुळसाबाईंना फोन करून विचारावं लागलं. त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं, आणि फोन ठेवल्यावर उरलेले दोन शब्द चौकटीत भरले. उद्या डॉक्टर येतील तेव्हा ते नाव पहिलं असेल, माझं त्याच्या खाली.

इथे हे पत्र संपवायचं ठरवलं होतं. पण आज सकाळी कॉलेजला आले तर गेटवर निवृत्तीमामा होते. त्या गुरुवारी सकाळच्या पाळीला तेच होते, आणि दुपारी भाचीच्या लग्नाला येवल्याला गेले ते आजच परत आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मला बघून हसत म्हणाले, "काय मॅडम, मिस्तरींचा पाटा बसला का?"

मी रजिस्टरची पानं मागे उलटायला लागले. तर तेच पुढे सांगायला लागले, "मी त्यांना म्हटलं, मिस्तरी, वर जा ना, मॅडम हायेत. तर म्हणाले, आज नको. त्यांना आधी बसवून बघू द्या. बघितलं की त्या बोलावतील मला. मग येतो वर."

रागावून गेला नव्हतात तुम्ही. वाट बघत होतात. मी आठ दिवस समजत होते की माझ्या शब्दाने तुम्हाला जिन्याखाली अडवलं, आणि तुम्ही तर माझ्या निरोपाची खात्री बाळगून परत गेला होतात, शेडमध्ये, चालू मशीनपाशी.

निवृत्तीमामांना मी सांगितलं. ते रजिस्टरवर हात ठेवून खुर्चीत बसून राहिले. मी वर आले. लॅबचं दार उघडं ठेवलंय. पाटा मशीनवर आहे, पिवळा तुकडा त्याच्यावर आहे.

देवरामभाऊ, बसवून बघितलं. वर या.